सवलतीचा क्लच

‘चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला’ ही म्हण आमच्या स्वयंपाकघरांत जन्मलेली नव्हे, हें उघड आहे. तथापि वर्गांतील मुलांना तिचा अर्थ वर्षानुवर्षें समजावून देणाऱ्या या शाळामास्तराला तिचें मर्म स्वतः कळलें तें मात्र साठी उलटल्यावर, आणि तेंहि एका मोटारीशेजारीं सतरंजीवर बसून.

माझा पुतण्या नोकरीनिमित्त इंग्लंडांत बर्मिंगहॅमजवळ राहतो. गेल्या वर्षीं उन्हाळ्यांत आम्ही उभयतां त्याच्याकडे दोन महिने राहावयास गेलों होतों. त्याच्यापाशीं माझदा कंपनीची एमएक्स-५ नांवाची, १९९१ सालीं बनलेली, दोनच माणसें बसतील अशी उघड्या टपाची गाडी आहे. हिचें पहिलें दर्शन १९८९ सालीं शिकागोच्या प्रदर्शनांत घडलें, आणि २०१६ सालीं तिच्या निर्मितीनें दहा लाखांचा आंकडा गांठला. उघड्या टपाच्या दोन आसनांच्या स्पोर्ट्‌स गाड्यांत इतका खप दुसऱ्या कोणत्याहि गाडीचा झालेला नाहीं. साहजिकच तिचे सुटे भाग तेथें मुबलक मिळतात. आणि जेथें माल मुबलक, तेथें सवलतींच्या जाहिरातीहि मुबलक.

एके दिवशीं चढावर वरच्या गिअरमध्यें असतां इंजिनाचा आवाज चढत गेला, परंतु गाडीचा वेग कांहीं वाढेना. पुतण्या म्हणाला, “काका, क्लच घसरतो आहे.”

क्लचची रचना समजण्यास अवघड नाहीं. इंजिनाच्या मागच्या टोकाला फ्लायव्हील नांवाचें जड चाक फिरत असतें. हें चाक आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्यें क्लच प्लेट घट्ट दाबून धरलेली असते. ती गिअरबॉक्सच्या दांड्यावर बसलेली असल्यामुळें इंजिनाचें बळ तिच्याद्वारें पुढें जातें. आपण पेडल दाबलें म्हणजे नळींतील तेलाच्या दाबानें एक काटा हलतो. तो रिलीज बेअरिंगला पुढें ढकलतो. बेअरिंग प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगवर रेटा देतें आणि प्लेट तेवढ्यापुरती मोकळी होते. प्लेटवरील अस्तर झिजलें कीं पकड सुटते, आणि इंजिन नुसतेंच ओरडूं लागतें. याउलट पेडल दाबूनहि गिअर पडत नसेल, तर दोष पुष्कळदां त्या तेलाच्या मार्गांत असतो. या गाडींत तें काम करणारा छोटा स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या बाहेर बसविलेला असून तो बदलणें स्वस्त व सोपें आहे. म्हणून औषध विकत घेण्यापूर्वीं रोगाची परीक्षा करावी, हें पहिलें पथ्य.

गॅरेजवाल्यानें सांगितलेल्या आंकड्यांत क्लचची किंमत थोडी आणि मजुरी तिच्या दुपटीहून अधिक होती. यांत लबाडी कांहीं नव्हती. क्लच पडला इंजिन व गिअरबॉक्स यांच्या मधोमध दडलेला. त्याच्यापर्यंत पोंचावयाचें म्हणजे गाडी उंच उचलावी, धुराची नळी सोडवावी, प्रोपेलर शाफ्ट काढावा, गिअरबॉक्स व मागील डिफरन्शिअल यांना सांधणारी ॲल्युमिनियमची लांब चौकट खोलावी, आणि मग गिअरबॉक्स संभाळून खालीं उतरवावा. एवढा खटाटोप एका झिजलेल्या तबकडीसाठीं! पुतण्याला यंत्रांची आवड असल्यामुळें एका मित्राच्या साह्यानें हें काम घरींच करण्याचें त्यानें ठरविलें.

आतां खरेदी. एका जाहिरातींत भरघोस सूट होती व माल ‘सर्व एमएक्स-५ गाड्यांना चालेल’ असें छापलें होतें. परंतु १.६ लिटर इंजिनाच्या पहिल्या गाड्यांची क्लच प्लेट २०० मिलिमीटर व्यासाची, तर १९९३ सालीं आलेल्या १.८ लिटर इंजिनाची २१५ मिलिमीटर व्यासाची असते. एकाच मापाची तबकडी दोहोंना चालेल कशी? दुसऱ्या ठिकाणीं नामांकित कंपनीची पेटी इतक्या कमी किंमतींत होती कीं, ती नक्कल असावी अशी शंका आली. तिसऱ्या, चांगल्या दुकानांत मात्र योग्य मापाचा अस्सल माल शेंकडा चाळीस सुटीनें मिळत होता. फक्त त्या पेटींत क्लच प्लेट व प्रेशर प्लेट एवढेंच होतें. रिलीज बेअरिंग आणि फ्लायव्हीलच्या मध्यभागीं बसणारें पायलट बेअरिंग वेगळें घ्यावें लागणार होतें. शिवाय इंजिनाच्या मागच्या टोकाचें ऑइल सीलहि आतांच बदलावें असें पुतण्याचें मत होतें.

येथें माझी काटकसर जागी झाली. “जुनें बेअरिंग हातानें फिरवून पाहूं. आवाज करीत नसेल तर तें काय म्हणून फेंकावयाचें?” असें मीं विचारलें. सीलभोंवतीं तेलाचा नुसता ओलावा दिसला. त्यावरहि मीं हाच न्याय लावला. पुतण्या घुटमळला, परंतु घरांत वडिलधाऱ्या माणसाचा शब्द मोडण्याची त्याला संवय नाहीं. जुनेंच बेअरिंग पुसून ठेवलें गेलें.

बाकीचें काम त्यानें चोख केलें, हें सांगितलें पाहिजे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं तो एकदांहि शिरला नाहीं. चारी बाजूंना भक्कम स्टँड लावले. जुन्या अस्तराची धूळ फुंकरीनें न उडवितां ओल्या फडक्यानें टिपली. फ्लायव्हीलवर उष्णतेचे निळसर डाग होते, म्हणून तें कारखान्यांत नेऊन त्याचा पृष्ठभाग साफ करून आणला. प्लेट मध्यावर आणण्याची दांडी मित्राकडून मागून घेतली, कारण प्लेट मध्यावर नसेल तर गिअरबॉक्सचा दांडा आंत जातच नाहीं. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे करून आवळले. दोन दिवसांनीं गाडी रस्त्यावर आली. वांचलेल्या पैशांचा हिशेब मीं जेवतांना सर्वांना दोनदां ऐकविला.

डिसेंबरांत पुण्यास फोन आला. पेडल दाबतांच किणकिण आवाज येतो, आणि क्लच पुन्हां घसरतो आहे. गिअरबॉक्स उतरवून पाहतां बेअरिंग खडबडलें होतें, आणि त्या सीलमधून झिरपलेलें तेल नव्या प्लेटच्या अस्तरांत मुरलें होतें. तेल प्यालेलें अस्तर विश्वासास पात्र राहत नाहीं. तें फेंकणेंच भाग पडतें. दुकानदाराकडे तक्रार करण्यासारखें कांहींच नव्हतें, कारण त्याच्या मालांत दोषच नव्हता. आणि असता, तरी अशी हमी बहुधा वस्तूपुरती असते. पुन्हां कराव्या लागणाऱ्या श्रमांची भरपाई तींत क्वचितच धरलेली असते.

वाचकहो, माझी चूक स्वस्त वस्तु घेण्यांत झाली नाहीं. चांगल्या दुकानांतील सूट जरूर घ्यावी. चूक झाली ती हिशेब करण्यांत. मीं बेअरिंगची किंमत बेअरिंगशीं ताडून पाहिली; ती त्याच्यापर्यंत पोंचण्याच्या दोन दिवसांच्या कष्टांशीं ताडावयास हवी होती. जी वस्तु वरचेवर हातीं लागते ती झिजेपर्यंत वापरण्यांत शहाणपण आहे. परंतु जिच्यासाठीं सगळें घर उसकटावें लागतें, तिच्या शेजारचीं क्षुल्लक वस्तूहि त्याच वेळीं नवी करून घ्यावी. आपल्याकडील कोणत्याहि पेडलच्या क्लचच्या गाडीला हाच नियम लागू पडतो. गॅरेजवाला ‘बेअरिंगहि घाला’ म्हणाला तर तो लुबाडतोच आहे असें एकदम समजूं नये.

दुसऱ्या वेळीं पुतण्यानें संपूर्ण संच व नवें सील घेतलें. गाडी आतां उत्तम चालते. झालेला भुर्दंड मीं पाठवून देतों असें मीं त्याला म्हटलें, तेव्हां तो हंसला. म्हणाला, “काका, पैसे वांचविण्याचा मोह मलाहि होताच. पैसे राहूं द्या. पुढच्या उन्हाळ्यांत पुन्हां या. पाने हातांत द्यायला कोणी तरी हवें.”