पान लावणारी स्क्रिप्ट आणि मराठीची वेलांटी

डीटीपीच्या सॉफ्टवेअरला माउसने एकेक करून द्यायच्या आज्ञा एका फाइलीत ओळीने लिहून ठेवल्या, की तिला स्क्रिप्ट म्हणतात. ती चालवली की पान उघडते, चौकटी आखल्या जातात, मजकूर भरला जातो, शीर्षकांना शैली लागते आणि शेवटी पीडीएफ निघते. नांदेड-लातूर पट्ट्यात या कामाला मोल आहे, कारण इथे तेच ते पान पुन्हा पुन्हा लावावे लागते. लातुरात शिकवणी वर्गांच्या सराव प्रश्नपत्रिका वर्षभर निघतात. नांदेडात मराठीच्या जोडीला उर्दू आणि गुरुमुखीचेही काम येते.

पान लावण्याचे पेजमेकर हे सॉफ्टवेअर १९८५ मध्ये मॅकिंटॉशवर आले, १९८७ मध्ये विंडोजवर. २००१ ची सातवी आवृत्ती त्याची शेवटची ठरली. त्याची जागा घेणाऱ्या इनडिझाइनला तीन भाषांत आज्ञा देता येऊ लागल्या. त्यांपैकी अ‍ॅपलस्क्रिप्ट फक्त मॅकवर चालते, व्हीबीस्क्रिप्ट फक्त विंडोजवर. एक्स्टेंडस्क्रिप्ट ही जावास्क्रिप्टची शाखा मात्र दोन्हीकडे चालते. म्हणून दोन्ही यंत्रांवर चालायला हवी ती स्क्रिप्ट हिच्यात लिहिता येते. ती १९९९ च्या जावास्क्रिप्ट मानकावर थांबलेली आहे. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या कित्येक सोयी तिच्यात नाहीत, त्या हाताने लिहाव्या लागतात. लिनक्सवर काम करणाऱ्यांसाठी स्क्रायबस हे मुक्त सॉफ्टवेअर आहे आणि त्याची स्क्रिप्ट पायथॉनमध्ये लिहितात.

मॅक आणि विंडोज या दोन यंत्रांमधला फरक ठरावीक जागी आडवा येतो. फाइलीचा पत्ता दोन्हीकडे वेगळ्या पद्धतीने लिहिला जातो. म्हणून पूर्ण पत्ता स्क्रिप्टमध्ये कोरून ठेवू नये, चालू डॉक्युमेंटच्या फोल्डरपासून मोजावा. मजकुराची फाइल वाचताना यूटीएफ-८ असे स्पष्ट सांगावे, नाहीतर देवनागरीच्या जागी कचरा उमटतो. मंगल हा फॉन्ट विंडोजचा, मॅकवर तो असेलच असे नाही. मुक्त परवान्याचा नोटो किंवा मुक्ता हा फॉन्ट डॉक्युमेंटशेजारच्या ‘डॉक्युमेंट फॉन्ट्स’ फोल्डरमध्ये ठेवला, की इनडिझाइन तो आपणहून उचलते. परिच्छेद शैलीत वर्ल्ड-रेडी कंपोजर निवडलेला नसेल, तर जोडाक्षरे सुटी पडतात आणि वेलांटी भलत्याच जागी दिसते.

प्रश्नपत्रिकेत स्क्रिप्टचा खरा उपयोग दिसतो. नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या धर्तीवर १८० प्रश्नांचे चार संच हाताने लावायचे, तर प्रश्नांचा क्रम बदलताना उत्तरसूची चुकण्याची भीती प्रत्येक संचाला असते. स्क्रिप्ट प्रश्न एका तक्त्यातून घेते, क्रम बदलते आणि त्याच क्रमावरून उत्तरसूची काढते, त्यामुळे दोन्हींत फरक पडत नाही. पर्याय मात्र सरसकट फिरवता येत नाहीत. ‘वरीलपैकी सर्व’ हा पर्याय पहिला आला, तर प्रश्नच निरर्थक होतो. असे प्रश्न तक्त्यात आधीच खूण करून ठेवावे लागतात, आणि ती खूण विषय जाणणाऱ्या माणसानेच करायची असते.

सगळ्यात चिवट अडचण जुन्या मजकुराची आहे. वर्षानुवर्षांचे प्रश्नसंच, स्मरणिका, गौरवग्रंथ युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये साठलेले आहेत. त्या फॉन्टमध्ये अक्षरे दिसतात त्या क्रमाने ठेवली जातात, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. ‘स्थिती’ या शब्दात जुना फॉन्ट पहिली वेलांटी आधी ठेवतो, मग अर्धा स आणि थ. युनिकोडला ती वेलांटी थ नंतर हवी. रफाराचे उलटे आहे: ‘मूर्ती’मध्ये जुना रफार ‘ती’ संपल्यावर येतो, युनिकोडमध्ये त्याला त च्या आधी जावे लागते. एका चिन्हाच्या जागी दुसरे चिन्ह घालणारी स्क्रिप्ट इथे कोलमडते. तिला वेलांटीपुढचे आणि रफारामागचे संपूर्ण जोडाक्षर ओळखता आले पाहिजे.

त्यातही ‘ऱ्य’ मराठीची खास कसोटी पाहतो. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत गुरू आणि स्वयंपाकी एवढा फरक आहे, आणि रूपांतरात नेमका हाच फरक पुसला जातो. शिवाय युनिकोडमध्येही हा अर्धा र दोन प्रकारे टंकला जातो, त्यामुळे एकाने लिहिलेला शब्द दुसऱ्याला शोधून सापडत नाही. रूपांतरानंतर सगळीकडे एकच रूप ठेवणारी ओळ स्क्रिप्टमध्ये असलीच पाहिजे.

प्रत्येक जुन्या फॉन्टचा चिन्हतक्ता वेगळा असतो आणि फॉन्ट हरवला की तो तक्ता नव्याने जुळवणे फार जिकिरीचे होते. ज्या डीटीपी केंद्रांकडे अशा फाइली आहेत, त्यांनी फॉन्ट आणि ते जाणणारे ऑपरेटर हाताशी आहेत तोवर मजकूर युनिकोडमध्ये आणून साध्या फाइलींत ठेवावा आणि मूळ प्रतीशी ताडून त्याचे प्रूफ एकदा माणसाकडून वाचून घ्यावे.