टोल माफ झाला, पॅक कोण उघडणार?

अटल सेतूवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी मिळाली, चांगलंच झालं. पण राज्याच्या २०२५ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणाचा मुख्य जोर खरेदीवर आणि चार्जिंगवर आहे. बॅटरीची वॉरंटी बहुतेक आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर. ती संपल्यावर काय?

बॅटरी पॅक बाहेरून अखंड डबा दिसतो. झाकण काढलं की आत मॉड्यूल, मॉड्यूलमध्ये सेल, त्यांना जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या, प्रवाह जोडणारे-तोडणारे कॉन्टॅक्टर आणि सेन्सरच्या बारीक वायरी. बिघाड यातल्या एखाद्याच भागात असू शकतो. काम जोखमीचं खरं, तीन-चारशे व्होल्टचा मामला आहे. रबरी हातमोजे घालून आधी सर्व्हिस प्लग काढायचा, थोडं थांबायचं, मीटरवर शून्य दिसल्याशिवाय हात घालायचा नाही. झाकण परत बसवल्यावर गळतीची चाचणी. आयटीआय झालेल्या पोराला हे नीट शिकवलं तर जमणार नाही असं यात काही नाही. पण सुटं मॉड्यूल आणि निदानाचं सॉफ्टवेअर बाहेरच्या गॅरेजला मिळालं नाही, तर तो तरी काय करणार?

मिशिगनचे सँडी मन्रो नव्या गाड्यांचा स्क्रू न् स्क्रू सुटा करून कंपन्यांना सल्ला देतात. टेस्लाने अमेरिकेत मॉडेल वायचा पॅक सांगाड्याचाच भाग केला, सेलभोवती फोम ओतला. हा पॅक दुरुस्त होण्यातला नाही, थेट भंगारात जाईल, असं मन्रोंनी २०२३ मध्ये रॉयटर्सला सांगितलं. पॅक भंगारात म्हणजे बाकी धडधाकट गाडीही टोटल लॉसमध्ये जाऊ शकते. ही दिशा आपल्याला परवडणारी नाही.

आपल्याकडे दाखला आहे. २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता, तो सुटे भाग आणि निदानाची साधनं खुल्या बाजारात येऊ दिली नाहीत म्हणूनच. पुढे प्रकरण अपिलात आणि कोर्टात गेलं, पण मुद्दा तोच राहिला. केंद्राचं दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल २०२२ पासून सुरू आहे. दुरुस्ती-निर्देशांकाचं काम मात्र मोबाइल आणि घरगुती उपकरणांपासून सुरू झालं, गाड्या बाहेरच राहिल्या. त्यात जीएसटी नव्या गाडीवर ५ टक्के, सुट्या पॅकवर १८. जुनी गाडी चालवत राहणाऱ्यालाच हा भुर्दंड का?

राज्याने अनुदान देताना एक अट घालावी: मॉड्यूलपर्यंतचे सुटे भाग, त्यांच्या किमती आणि दुरुस्तीची पुस्तिका निदान दहा वर्षं कुठल्याही प्रशिक्षित गॅरेजला मिळालीच पाहिजे.