हर्नियाचं ऑपरेशन झालं, तरी जांघ दुखतेय? करंटच्या मशीनचा उपयोग किती, धोका किती

हर्नियाचं ऑपरेशन होऊन चार-सहा महिने झाले. टाके सुकले, जखम भरली. पण पोतं उचललं किंवा गाडीला किक मारली की जांघेत चमक निघते. घरचे म्हणतात, 'आता कसलं दुखतंय?' मग माणूस गप्प बसतो, मेडिकलमधून गोळ्या आणतो आणि कामाचे खाडे वाढत जातात.

हे दुखणं मनाचं नाही. जांघेच्या हर्नियाच्या ऑपरेशननंतर साधारण दहातल्या एकाला 3 महिन्यांनंतरही रोजच्या कामात अडथळा येईल इतकं दुखतं.

दुखतं कशामुळे?

जांघेतून तीन बारीक नसा जातात. रक्ताच्या नव्हे, संवेदना नेणाऱ्या. ऑपरेशनवेळी एखादी नस दुखावते, टाक्यात सापडते किंवा नंतर जाळीभोवतीच्या कडक व्रणात आवळली जाते. जळजळ, करंट लागल्यासारखी चमक, मुंग्या, चड्डीचा काठ घासला तरी झोंबणं, ही त्याची लक्षणं. नुसती बधिरता मात्र बऱ्याच जणांना असते, तिची फार काळजी नको.

अशा दुखण्यावर साध्या पेनकिलरचा फारसा उपयोग होत नाही. उलट रोज खाल्ल्या तर पोट आणि किडनीला त्रास.

करंटचं मशीन काय करतं?

कोपराला मार लागला की आपण पटकन चोळतो आणि बरं वाटतं. चोळल्याची जाणीव मणक्यातल्या मज्जारज्जूत पोहोचली की दुखण्याचा निरोप मागे पडतो. पाटाचं दार खाली केल्यावर पाणी कमी होतं, तसंच. हा विचार मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी 1965 साली मांडला. त्यावरच 'टेन्स' मशीन चालतं. दुखऱ्या भागाजवळ कातडीवर चिकट पट्ट्या लावायच्या आणि बॅटरीवरचा हलका करंट सोडायचा. मुंग्या आल्यासारखं वाटतं, शॉक बसत नाही.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. टेन्सने अडकलेली नस सुटत नाही. मशीन चालू असताना आणि नंतर थोडा वेळ आराम पडतो, तोही सगळ्यांना नाही. हर्नियानंतरच्या दुखण्यावर त्याचा ठाम पुरावा कमीच आहे. म्हणून जाहिरात बघून विकत घेण्याआधी फिजिओथेरपिस्टकडे चार-पाच वेळा लावून बघा. फरक पडला तरच पैसे घाला.

कोणी लावू नये?

छातीत पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको. गरोदर बाई, फिट येणारा रुग्ण यांनीही आधी विचारावं. उघड्या जखमेवर, बधिर कातडीवर किंवा गळ्याच्या पुढच्या बाजूला पट्टी लावू नये. झोपताना आणि गाडी चालवताना मशीन बंद ठेवावं.

आधी कारण शोधा

मशीनच्या आधी ज्यांनी ऑपरेशन केलं त्या सर्जनना दाखवा. हर्निया पुन्हा आलाय का, हे आधी बघावं लागतं. नंतर नसेच्या दुखण्याच्या वेगळ्या गोळ्या असतात. नसेजवळ बधिरतेचं इंजेक्शन देऊनही बघतात. त्याने दुखणं थांबलं, तर दोष त्याच नसेत असण्याची शक्यता वाढते. हे काम बहुतेक ठिकाणी भूलतज्ज्ञ करतात, मेडिकल कॉलेजच्या पेन क्लिनिकमध्ये चौकशी करा.

एवढ्यानेही भागलं नाही, तर नस कापण्याचं ऑपरेशन किंवा मणक्याजवळ तार बसवून नसेच्या मुळाशी करंट देण्याचा उपचार असतो. तार आधी काही दिवस तात्पुरती बसवतात, आराम पडला तरच कायमची. हा उपचार महाग आहे आणि मोठ्या शहरांतच होतो.

तेव्हा थांबू नका

जांघेत गाठ कडक होऊन आत जात नसेल, उलट्या होत असतील, ताप असेल, जखमेतून पू येत असेल किंवा अंडकोष अचानक सुजून दुखत असेल, तर मशीन बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

बाकीच्यांनी एवढंच करावं: 3 महिन्यांनंतरही दुखत असेल तर अंगावर काढू नये. कुठे दुखतं, कशाने वाढतं, हे कागदावर लिहून ऑपरेशनच्या फाईलसकट डॉक्टरांसमोर ठेवावं.