भूक भागली, पण पोषण झाले काय?

जोयडा तालुक्याच्या अरण्यप्रदेशातील बाजारकुणंगसारख्या गावी आरोग्य शिबिर भरले, की तपासणीसाठी येणारी माणसे बहुधा सडपातळ आणि काटक असतात. या तालुक्यातील कुणबी समाज भाताबरोबर कोन, कणंगी, मुडली असे नाना प्रकारचे कंद पिकवतो. श्रम भरपूर, चरबी दिसत नाही. तेव्हा वजनकाट्याकडे पाहून 'यांना मधुमेहाचे भय नाही' असे म्हणून आपण मोकळे होतो. हा निष्कर्ष कितपत खरा, याचा विचार करावयास लावणारे संशोधन आपल्या पुण्यातच झाले आहे. त्याचा परिचय वाचकांना करून द्यावा, हा या लेखाचा हेतू.

दोन डॉक्टरांचे छायाचित्र

सन २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. एक पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक व दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या प्रमाणात वजन दाखवणारा निर्देशांक (बी. एम. आय.) दोघांचाही २२.३ होता. परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के होती. वजनकाट्याला जे दिसत नाही, ते त्या दोन आकड्यांनी दाखवून दिले. भारतीय माणूस बारीक दिसला तरी त्याच्या देहात स्नायू कमी आणि चरबी अधिक असू शकते; ही चरबी पोटाभोवती साठली, की इन्सुलिनचे कार्य मंदावते.

सहा गावांतील माता

ही देहरचना येते कोठून? सन १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांच्या आहाराचा अभ्यास सुरू झाला. जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो होते. बाळे सर्वच मापांनी लहान होती. पोटातील अवयव व स्नायू विशेष कमी होते, पण पाठीवरच्या त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून होती. साउदॅम्प्टनचे डॉ. डेव्हिड बार्कर यांनी गर्भावस्थेतील कुपोषण आणि पुढील आयुष्यातील हृदयविकार व मधुमेह यांचा संबंध मांडला होता. पुण्याच्या अभ्यासाने त्या विचाराला भारतीय बाळाचे रूप दिले.

आहाराच्या नोंदींतून निघालेली गोष्ट अधिक बोलकी आहे. माता एकूण किती उष्मांक व प्रथिने घेतात, याचा बाळाच्या आकाराशी फारसा संबंध आढळला नाही. हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध ज्यांच्या आहारात अधिक वेळा होते, त्यांची बाळे तुलनेने मोठी होती. पोट भातानेही भरते. गर्भाच्या घडणीस मात्र सूक्ष्म पोषकद्रव्ये लागतात. भूक भागणे आणि पोषण होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ब-१२ ची उणीव

या मातांपैकी निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. त्यांची मुले सहा वर्षांची झाल्यावर तपासली असता, ज्यांच्या मातांत ब-१२ कमी व फोलेट अधिक होते, त्या मुलांत इन्सुलिनला होणारा प्रतिरोध सर्वाधिक आढळला. हा निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. यावरून फॉलिक आम्लाच्या गोळ्या बंद कराव्यात, असा अर्थ कोणीही काढू नये. गर्भाच्या मज्जारज्जूचे दोष टाळण्यासाठी त्या आवश्यकच आहेत. त्यांच्या जोडीला ब-१२ कडेही लक्ष हवे, एवढाच बोध घ्यावयाचा. हे जीवनसत्त्व दूध, ताक, अंडी, मासे व मांस यांतून मिळते. कंद, भात वा पालेभाजीतून मिळत नाही.

मुंबईतील प्रयोग

सन २००६ मध्ये मुंबईच्या झोपडवस्तीतील स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासूनच पालेभाजी, फळे व दूध यांचा रोजचा खाऊ देण्याचा प्रयोग सुरू झाला. एकूण पाहता बाळांच्या वजनात लक्षणीय फरक पडला नाही. गर्भधारणेच्या तीन महिने वा त्याहून आधी ज्यांनी खाऊ सुरू केला, त्यांच्या बाळांचे वजन सरासरी ४८ ग्रॅमने वाढले. अतिकृश मातांमध्ये मात्र ही वाढ दिसली नाही. विशेष म्हणजे गरोदरपणातील मधुमेहाचे प्रमाण १२.४ टक्क्यांऐवजी ७.३ टक्के राहिले. यश मर्यादित खरे, पण त्यातून दोन गोष्टी कळतात: काम गर्भधारणेच्या आधी सुरू झाले पाहिजे, आणि वर्षानुवर्षांची कृशता काही महिन्यांच्या खाऊने भरून निघत नाही. म्हणजेच लक्ष किशोरवयीन मुलीकडे द्यावयास हवे.

आपले कर्तव्य

'गरोदरपणी फार खाऊ नये, बाळ मोठे झाले तर बाळंतपण अवघड जाईल,' ही समजूत आजही खेड्यापाड्यांतून ऐकू येते. रागावून ती जात नाही. सासूबाईंना सोबत बसवून समजावले, तर पुष्कळ काम होते. बाजारकुणंगसारख्या गावी जाताना महागड्या डब्यांची यादी नेण्याची गरज नाही. कंदांबरोबर नाचणी, कुळीथ, परसातली पालेभाजी, ताक आणि चालत असेल तेथे मासे वा अंडे, एवढे ताट तेथेच जमू शकते.

डॉक्टर बंधुभगिनींनी वजनाबरोबर कंबरेचा घेरही मोजावा. २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी ठरवलेली मर्यादा पुरुषांसाठी ९० व स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर आहे, बी. एम. आय. २३ पासूनच सावध व्हावे. कमी वजनाने जन्मलेले मूल पुढे शहरात जाऊन बैठ्या कामाला लागते आणि झपाट्याने वाढते, तेव्हा त्याच्यावर अधिक लक्ष हवे. मधुमेहाची पहिली नोंद आपण चाळिशीत करतो, पण त्याचा पाया कित्येकदा आईच्या ताटात घातला गेलेला असतो. शिबिरात आलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीचे हिमोग्लोबिन तपासताना 'रोज काय जेवतेस?' एवढे आपण विचारले, तर पुढच्या पिढीच्या प्रतिबंधाचे काम त्याच दिवशी सुरू होईल.