‘नारू’ : शब्द, पाणी आणि साहाय्य

आफ्रिकेतील रोगग्रस्त व पाण्यावाचून कष्टी झालेल्या लोकसमूहांना मिळणाऱ्या धर्मादाय साहाय्याचा विचार सामान्यतः द्रव्य, औषधे आणि विहिरी यांच्या हिशेबाने केला जातो. भाषेच्या अभ्यासकाला या हिशेबात काय स्थान, अशी शंका कोणी घेतल्यास ती अप्रस्तुत म्हणता येणार नाही. परंतु नारू या रोगाचा इतिहास पाहिला असता असे दिसते की, येथे दानाचे यश वस्तूंइतकेच एका वाक्यावर अवलंबून होते. आणि ते वाक्य रोग्याच्या भाषेत, त्याला पटेल अशा रीतीने उच्चारणे हेच कार्यातील कठीण अंग होते.

प्रथम रोगाचे स्वरूप थोडक्यात सांगणे अवश्य आहे. तळ्याच्या वा उघड्या विहिरीच्या साचलेल्या पाण्यात सायक्लॉप्स नावाचे अतिसूक्ष्म जलजीव असतात. त्यांच्या शरीरात नारूचे डिंभ वाढतात. असे पाणी न गाळता प्यायल्यास डिंभ मनुष्याच्या शरीरात शिरतात, आणि सुमारे एक वर्षाने ६० ते १०० सेंटिमीटर लांबीची मादी, बहुधा पायाच्या त्वचेतून, बाहेर पडू लागते. त्या जागी असह्य दाह होतो. रोगी तो शमविण्यासाठी पाय पाण्यात बुडवतो, त्याच क्षणी मादी सहस्रावधी डिंभ पाण्यात सोडते, आणि चक्र पूर्ण होते. यावर लस नाही, रोग बरा करणारे औषधही नाही. काटकीला गुंडाळून तो जंत रोज थोडाथोडा ओढून काढणे, एवढाच जुना उपाय आजही चालू आहे.

आता या रोगाची नावे पाहू. संस्कृत वैद्यकग्रंथांत त्याला ‘स्नायुक’ अशी संज्ञा आहे. पालीमध्ये स्नायूला ‘नहारु’ म्हणतात. मराठी ‘नारू’ त्याच कुळातील असावा असे मानावयास हरकत नाही, कारण येथे ध्वनिसाम्याला अर्थसाम्याचाही आधार आहे. अरबी वैद्यकातील नावाचा अर्थ ‘मदीनेची शीर’ असा होतो. म्हणजे परस्परांपासून दूर असलेल्या भाषांनी हा जंत शरीराचाच एक तंतू म्हणून पाहिला. नायजेरियाच्या नैर्ऋत्य भागातील इदेरे येथे झालेल्या अभ्यासातही अशीच समजूत आढळली : ज्याला योरुबा भाषेत ‘सोबिया’ म्हणतात तो प्रत्येकाच्या शरीरात उपजतच असतो. मालीतील डोगोन लोकांचे नाव मात्र निराळ्या जातीचे आहे. ते याला ‘रिकाम्या कणगीचा रोग’ म्हणतात. ऐन शेतीच्या हंगामात घरातील कर्ती माणसे आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळली, म्हणजे कणगी भरणार कोठून?

या नावांत निरीक्षण आहे, अनुभव आहे. नाही ते फक्त पाणी. आज प्यायलेल्या घोटाचे फळ वर्षाने दिसत असल्यामुळे दोहोंचा संबंध अनुभवाने जुळणे दुर्घट होते. साहाय्य करणाऱ्यांपुढील खरा प्रश्न हाच होता. जो रोग शरीरातच जन्मतो अशी श्रद्धा आहे, त्यासाठी पाणी गाळावयास कोण प्रवृत्त होईल?

१९८६ साली आफ्रिका व आशिया मिळून २१ देशांत सुमारे ३५ लक्ष लोक दरवर्षी नारूने पीडित होते. त्या वर्षी अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी स्थापिलेल्या कार्टर सेंटर या संस्थेने जागतिक आरोग्य संघटना, यूनिसेफ व त्या त्या देशांची शासने यांच्या सहकार्याने निर्मूलनाचे कार्य अंगावर घेतले. दानाच्या वस्तू साध्या होत्या : गाळण्याचे बारीक विणीचे नायलॉनचे कापड, शेतावर वा प्रवासात पाणी पिण्यासाठी जाळी बसविलेली नळी, आणि तळ्यातील सायक्लॉप्स मारणारे टेमेफॉस हे द्रव्य. या वस्तूंना अर्थ दिला तो गावोगावच्या स्वयंसेवकांनी. ते त्याच गावचे व त्याच भाषेचे असत. तळ्याचे पाणी काचेच्या पात्रात घेऊन त्यात वळवळणारे जीव लोकांना प्रत्यक्ष दाखविले जात. लोकांचा शब्द तोच राहिला; त्याच्या अर्थात पाण्याची भर पडली. जुने नाव खोडण्यापेक्षा त्याचा अर्थ विस्तारणे अधिक सुकर असते, हे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला नव्याने सांगावयास नको. सुदानमध्ये तर १९९५ साली या कार्यासाठी यादवी युद्ध सुमारे सहा महिने थांबविण्यात आले. घानामध्ये १९८९ साली सुमारे १,८०,००० रोगी होते. २०१५ साली तो देश नारूमुक्त म्हणून प्रमाणित झाला.

भारताचा अनुभव याला पूरक आहे. महाराष्ट्रासह अनेक राज्यांत हा रोग होता. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरण्याची रीत त्याला पोषक ठरे. शासकीय कार्यक्रमानंतर १९९६ साली राजस्थानात शेवटचा रोगी आढळला, आणि २००० साली देश नारूमुक्त ठरला. आज ‘नारू’ हा मराठीतील अनुभव गमावलेला शब्द आहे. एखाद्या शब्दाचे असे विस्मरण इष्टच म्हटले पाहिजे.

परंतु येथे एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. गाळणीचे कापड नारू थांबविते. पटकीचे जंतू पूर्णपणे थांबवीत नाही, आणि आटलेले तळे भरीत नाही. स्वस्त उपाय यशस्वी झाला म्हणून विंधनविहिरीची व तिच्या दुरुस्तीची जबाबदारी संपत नाही. एक रोग गेला तरी तहान उरते, याचे भान दात्याने ठेवावयास हवे.

कार्यही अद्याप पुरे झालेले नाही. २०२४ साली साऱ्या जगात मनुष्यांमध्ये केवळ १५ रोगी नोंदले गेले, ते चाड व दक्षिण सुदान या देशांत. पण चाडमध्ये २०१२ पासून कुत्र्यांतही हा जंत आढळू लागला असून, माशांची आतडी पुरून टाका आणि रोगी कुत्रा बांधून ठेवा, असे नवे वाक्य लोकांना पटवावे लागत आहे. पंधरा ही संख्या पाहून दात्याचे लक्ष दुसरीकडे वळणे स्वाभाविक आहे. आणि धोका नेमका तेथेच आहे. एका उपेक्षित रोग्याचा पाय तळ्यात बुडाला, तर पुढील वर्षी गावच्या गाव पुन्हा अंथरुणाला खिळू शकते. म्हणून शेवटच्या गावापर्यंत कापड पोहोचले पाहिजे, आणि ते का वापरावयाचे हे तेथील भाषेत सांगणारा माणूसही पोहोचला पाहिजे.