बॅटरीच्या यंत्राने साखर उतरते का?

सभासद बंधूंनो, शेतकी ऑफिसात हल्ली वारंवार विचारणा होते, की कंबरदुखीवरचे ते बॅटरीचे यंत्र घ्यावे का? त्याला ‘टेन्स’ म्हणतात. कातडीवर पट्ट्या चिकटवून सौम्य वीजप्रवाह सोडायचा, मुंग्या येतात. मेलझॅक व वॉल यांनी १९६५ साली मांडले, की मज्जारज्जूत वेदनेला जणू फाटक असते. अशा दुसऱ्या जाणिवेने ते काहीसे मिटते. म्हणून मोळ्या उचलून अवघडलेल्या कंबरेला काहींना तात्पुरता आराम पडतो.

पण ‘रक्तातली साखरही उतरते’ हे विक्रेत्याचे बोलणे. ते सिद्ध झालेले नाही. (साखरेचा उतारा आपण कारखान्यात बघू!) त्याच्या भरवशावर इन्सुलिन मुळीच बंद करू नका. छातीत पेसमेकर असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पट्टी लावू नये. गळ्यावर पुढून तर कोणीच नको.