गाडी पेट्रोल जास्त पिते, डोके मेकॅनिकचे दुखते

पावसाची सर आली की रस्त्याकडेच्या गॅरेजचे शटर अर्धे खाली येते. आत एखादी जुनी स्कूटर सुरूच असते, कारण कार्बोरेटरचे ट्युनिंग इंजिन चालू ठेवूनच करावे लागते. अशा गॅरेजमधली मुले आमच्या ओपीडीत डोकेदुखीची गोळी मागायला येतात. संध्याकाळी डोके ठणकते, मळमळते, ‘पित्त झाले असेल’ म्हणतात. सुटीच्या दिवशी मात्र त्रास नसतो. ही गोष्ट विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही आणि निदानासाठी तीच सर्वांत मोलाची असते.

एक किलो पेट्रोल पुरते जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हवा कमी पडली, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत मिश्रण ‘रिच’ झाले, की पेट्रोल अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकींच्या धुरात पीयूसी तपासणीत ४.५ टक्क्यांपर्यंत हा वायू चालतो. बंद जागेतल्या हवेत तो ०.१ टक्का झाला, तरी तासा-दोन तासांत जीव धोक्यात येतो. पेट्रोलचा वास नाकाला कळतो, या वायूला वासच नाही.

रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. गंमत (खरे तर धोका) अशी, की कोरोनाकाळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर इथे फसतो. वायूने व्यापलेले हिमोग्लोबिनही त्याला ऑक्सिजनने भरलेले वाटते. बोटाला लावल्यावर ९८ दिसले म्हणून निर्धास्त राहू नये. त्यासाठी रक्ताची वेगळी तपासणी आहे.

गाडी रिच चालते का, हे प्लग सांगतो. तो कोरड्या काजळीने काळा झालेला असतो. मायलेज घटते, सायलेन्सरमधून काळा धूर येतो. पुष्कळ जण लगेच स्क्रू पिळायला घेतात. आधी एअर फिल्टर धुळीने भरला आहे का, चोक अडकून राहिला आहे का, फ्लोटची सुई झिजून पेट्रोल जास्त चढते आहे का, हे पाहावे. हे सारे इंजिन बंद ठेवून होते, म्हणजे धूरही कमी गिळावा लागतो. मग इंजिन गरम करून स्क्रू एका वेळी पाव फेराच फिरवावा. स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो सैल केल्याने हवा वाढते. इंजिनच्या बाजूला असेल तर आवळल्याने पेट्रोल कमी होते. एवढे काम गाडी रस्त्यावर काढून करावे. दारात उभी करून सायलेन्सर आत ठेवण्यात काही अर्थ नाही. पंख्यानेही फारसे साधत नाही, तो धूर आतल्या आत फिरवतो.

गॅरेजमध्ये कोणी चक्कर येऊन पडले, तर शटर पूर्ण उघडावे, इंजिन बंद करावे, त्याला मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ ला फोन करावा. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास. रुग्णालयात पोहोचताच ‘बंद जागेत गाडी चालू होती’ हे आधी सांगा. ते कळले नाही, तर डॉक्टरही पित्ताचेच औषध देण्याची शक्यता असते.